डाव्या हाताचा पेच

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अमेरिकेत मुलीकडे असताना माझे यजमान भर सभागृहात, माझ्या डोळ्यांदेखत हरवले.

तिथे चौकोनी नाच होता. चार जोडपी चौकोनात उभी राहतात आणि मंचावरचे पांढऱ्या मिशांचे आजोबा माईकवरून पुकारतील तसं नाचायचं. पुढचं पाऊल आधी कुणालाच ठाऊक नसतं. जोड्या मोडतात, हात बदलतात आणि गाणं संपताना ज्याला त्याला आपला जोडीदार परत मिळतो. कोण कुणाचं, हे सगळं आजोबांच्या डोक्यात. ते स्वतः मात्र नाचत नाहीत.

"शेजारणीला डावा हात," आजोबांनी पुकारलं. ह्यांनी उजवा दिला आणि उलटे फिरले. पुढच्या बाईलाही उजवाच. गाणं संपत आलं, तेव्हा माझ्या हातात कुणा पशुवैद्याचा हात होता आणि हे पार समोरच्या कोपऱ्यात. आता हे परत कसे मिळायचे? मी भांबावले. आजोबांनी गाणं थांबवलं नाही. ह्यांच्यावर नजर ठेवून त्यांनी पुकारेच बदलले आणि बाकी सगळ्यांना उलटं फिरवलं. आपण चुकलो की आपल्यासाठीही असं कुणी पुकारे बदलत असेल का? की बदलतं, आणि आपल्याला कळतच नाही? माझं डोकं आणखीच गरगरलं.

शेवटच्या ठेक्याला हे घामाघूम होऊन समोर आले.

"अहो, डावा द्या म्हणत होते ना ते?"

"परक्या बाईला डावा हात देऊ? बरं दिसतं का?" ह्यांनी डावा हात पुढे केला. "तू घरचीच. तुला चालतो."