भिंतीकडे तोंड केलेली पुस्तकं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतेय? — काय माहीत. तुम्ही आमच्या कॉलनीत राहत नाही म्हणून असेल.

आधी जागा सांगते. वाशीमला आम्ही घर बांधलं तेव्हा जिन्याखाली एक कोपरा उरला. जो तो सल्ला देई — इन्व्हर्टर ठेवा, चपला ठेवा, गव्हाची कोठी ठेवा. आग लागो त्या कोठीला! मला तिथे पुस्तकं ठेवायची होती. सुताराच्या डोक्यावर बसून फळ्या ठोकून घेतल्या, जिना उतरतो तशा उतरत्या. खाली बसायला लाकडी बैठक, तिच्यावर खणाच्या कापडाची गादी. दिवा पिवळा, पांढऱ्या उजेडात दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. उजेड यावा म्हणून बाहेरच्या भिंतीत छोटी खिडकी पाडून घेतली. नवरा म्हणाला, "पुस्तकांसाठी नवी भिंत फोडतेस?" हो, फोडते! असा माझा तोरा. फार लाडानं केलं हो ते सगळं.

आणि कोणासाठी? बाबांच्या पुस्तकांसाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझे बाबा मेडशीला असतात. थोडी जमीन, सोयाबीन आणि तूर. आम्ही बौद्ध. दर दसऱ्याला बाबा गावातल्या लोकांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर जातात. तिथे रस्त्याच्या कडेला पुस्तकं मांडलेली असतात — धम्माची, आमच्या लढ्याची, आमच्या माणसांनी लिहिलेली. त्यांतलं एक बाबा माझ्यासाठी आणतात. लहानपणी मी बांगड्या मागायचे, फ्रॉक मागायचे, यायचं पुस्तक. पहिल्या पानावर माझं नाव आणि इयत्ता. मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, तरी त्यांनी खंड पाडला नाही. इयत्तेच्या जागी 'नोकरी' असं लिहायला लागले, एवढंच. ही सगळी पुस्तकं गावी पत्र्याच्या पेटीत होती, पानापानांत कडुलिंबाचा पाला घातलेली. मी फोनवर म्हटलं, "बाबा, तुमच्या पुस्तकांसाठी जागा करून राह्यली मी." दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं पेटी घेऊन बाबा हजर! एकेक पुस्तक धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि स्वतःच्या हातानं लावलं. निळ्या निळ्या पाठी, नावं बाहेर. मग गादीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता कसं घर वाटते पाह्य."

मी गोल गोल फिरतेय, कळतंय मला. येते मुद्द्यावर.

आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं. त्यावरून कोण, कुठले, काही कळत नाही. कॉलनीत राहायला आले तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे तसा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठायची. किती चहा केला असेल मी! बायका वाईट होत्या असं नाही. पण एकदा भाड्याच्या खोलीसाठी आम्ही गेलो होतो, तेव्हा घरमालकिणीनं — नाही. ते नको. ते सांगितलं की तुम्ही मला समजून घ्यायला लागाल, आणि त्यासाठी मी बसलेली नाही.

तर, कॉलनीतल्या बायकांची भिशी पहिल्यांदा माझ्याकडे होती. सगळ्यांना माझा वाचनाचा कोपरा बघायचा होता. दुपारी मी झाडलोट केली, मनीप्लांटची पानं पुसली, दिवा लावून लांबून पाहिलं. आणि मला बाबांच्या पुस्तकांची नावं दिसली. एक जरी बाई वाकून वाचायला लागली तरी — काय? काय झालं असतं?

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. पुस्तकं उलटी लावायची. नाव भिंतीकडे, पानांची कड बाहेर. सगळं कसं एका रंगाचं, शांत दिसतं म्हणे. पाहिला तेव्हा मी खो खो हसले होते. नाव दिसलं नाही तर पुस्तक सापडायचं कसं, येड्यांनो? त्या दुपारी मी नेमकं तेच केलं. बाबांचं एकेक पुस्तक काढलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. फक्त बाबांची हं. वरच्या फळीवरची स्वयंपाकाची, प्रवासाची, जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची नावं तशीच बाहेर राहिली. त्यांची मला कुठे लाज होती?

आला बघा तोंडात शब्द. लाज. बापानं पोटाला चिमटा घेऊन आणलेल्या पुस्तकांची मला लाज वाटली.

बायका आल्या. "अय्या, किती क्लासी!" म्हणाल्या, तिथे बसून फोटो काढले. मी पोहे वाढत होते आणि खूश होते — हो, खूश होते. त्या गेल्यावर पुस्तकं सरळ करता आली असती. केली नाहीत. उद्या कोणी येईल, परवा कोणी येईल. राहिली तशीच.

पुढे बाबा डोळे दाखवायला वाशीमला आले. चप्पल काढली आणि सरळ कोपऱ्यात गेले. "काहून व माय, हे पुस्तकं उलटे काहून ठेवले?" मी एक क्षणही थांबले नाही. इतकं सहज खोटं येतं तोंडात? म्हटलं, "या खिडकीतून ऊन येतं ना बाबा. जुन्या पुस्तकांची नावं उडून जातात उन्हानं. म्हणून अशी ठेवायची." बाबांनी मान हलवली. शिकलेली पोरगी सांगते म्हणजे खरंच असणार. उलट खूश झाले — आपल्या पुस्तकांची पोरगी किती काळजी घेते!

तुम्हाला वाटेल, एक खोटं बोललीस, त्यात एवढं काय? ऐका मग.

आमच्या गावच्या विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे, ते बाबा सांभाळतात. संध्याकाळी पोरंसोरं येतात, वाचतात, घरी नेतात. बुद्धपौर्णिमेला मी गावी गेले. वंदना झाली, खीर झाली, आणि माझं लक्ष कपाटाकडे गेलं. सगळंच्या सगळं कपाट उलटं! नावं आत, पानं बाहेर. पोरांना पुस्तक सापडेना म्हणून बाबांनी प्रत्येकाच्या पानांच्या कडेवर पेनानं नाव लिहून काढलं होतं. अक्षरं पसरलेली, शाई पानात उतरलेली. लोक त्यांना हसत होते. "बुढा सटकला," एक जण माझ्यासमोर म्हणाला. बाबा ताठ उभे राहून सांगत होते, "तुमाले काय मालूम? नाव उडते उन्हानं. वाशीमले माह्या पोरीच्या घरी असंच हाये, विचारा तिले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "हो."

मला तिथे सगळं सांगता आलं असतं. आपलीच माणसं होती, आपलं विहार होतं. तिथे कसली भीती? तरी मी "हो" म्हटलं आणि खिरीची वाटी उचलली.

त्यानंतरच्या दसऱ्याला बाबा नागपूरहून नवीन पुस्तक घेऊन थेट माझ्याकडे उतरले. पहिल्या पानावर माझं नाव आणि खाली 'नव्या घरासाठी'. मी हातात घेतलं, वास घेतला. तेवढ्यात बेल वाजली. शेजारची बाई डबा परत द्यायला दारात. मी वळले आणि पुस्तक फळीत सरकवलं — उलटं. विचार केला नाही हो. हात आपोआप गेला. इतकी सवय लागली होती त्या हाताला.

शेजारीण दोन मिनिटं बोलून गेली. मी दार लावून आले तेव्हा बाबा गादीवर बसून होते. त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं, माझ्या कादंबऱ्यांकडे. मग नव्या पुस्तकाकडे. मग दाराकडे.

"हे तं नवं हाये," ते म्हणाले.

एवढंच. ओरडले नाहीत. चहा घेतला, बशी धुवायला स्वतः आत नेली, कधी नेत नाहीत. म्हणाले, बस भेटते मले आता. मी थांबवलं नाही. माझ्या बापाशी मी दगा केला होता आणि तो माझ्यासमोर बसून, माझाच चहा पिऊन, ते समजून घेऊन गेला.

भावजयीनं नंतर सांगितलं, बाबांनी दुसऱ्या दिवशी विहारातलं कपाट सरळ केलं. एकट्यानं, कोणाला हात लावू न देता. काहून केलं विचारलं तर म्हणाले, माही चूक झाली होती. माही. माझी नाही, त्यांची.

मीही माझा कोपरा सरळ केला. आता नावं बाहेर आहेत. कॉलनीतल्या बायका येतात, बसतात, पोहे खातात. कोणाला काही वाटलं का, मी विचारलं नाही. बाबा अजून फोन करतात, पिकाचं सांगतात, जेवलीस का विचारतात. त्या पुस्तकांचं नाव काढत नाहीत, मीही काढत नाही.

यंदा दसऱ्यानंतर मीच विचारलं, "बाबा, नागपूरले गेल्ते ना?"

"गेल्तो ना. लय गर्दी होती."

यंदा कोणतं पुस्तक आणलं, ते सांगतील असं मला वाटलं. ते पुढे सोयाबीनच्या भावाचं बोलायला लागले. नव्या पुस्तकासाठी मी फळीवर जागा करून ठेवली होती.