पिशवीचा दम

छप्पन-सत्तावन सालच्या सुमारास मी ठाण्याला, खाडीच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला होतो. लाकडाचे पातळ पापुद्रे सरस लावून एकावर एक चिकटवायचे आणि खुर्च्यांच्या वळणदार पाठी करायच्या, हा तिथला उद्योग. पापुद्र्यांची चवड साच्यावर बसवली की वरून रबराची पिशवी ओढायची, कडा दाबायच्या आणि पंपाने आतली हवा खेचून घ्यायची. मग तोटी बंद करून सकाळपर्यंत तशीच ठेवायची. पण आधी पिशवीचा ‘दम’ बघायचा. पंप थांबवून दहा मिनिटं दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही, तर पिशवीने दम धरला.

मला सायकलची पंक्चर काढायची सवय. एकदा काटा पडला तेव्हा मी ऐटीत कडेला साबणाचं पाणी फासलं आणि बुडबुड्यांची वाट बघत बसलो. डोंबिवलीहून नवीनच आलेला एक सोबती हसला.

"अरे, ट्यूबमधली हवा बाहेर येते. इथे बाहेरची आत जाते. पिशवी तुझा साबण पिऊन टाकेल."

त्याने शेड सांभाळणाऱ्या मिस्त्रींच्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली आणि कडेकडेने फिरवली. एका जागी धूर वाकून आत शिरला. "ह्याला म्हणतात डोकं," मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मिस्त्री दिवाळीनंतर काम सोडून गावी जाणार होते. पिशवीचं टेबल पुढे कुणाकडे द्यायचं, हे ठरायचं होतं. चार वर्षं मी तिथे घासली होती आणि हा कालचा आलेला. मला त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याच्या डब्यातली लसणीची चटणीसुद्धा. ती चांगली असायची, हे तर फारच वाईट.

कान मात्र माझा तिखट होता. पंप थांबला की बारीकशी गळतीही मला ऐकू यायची.

एका शाळेच्या बाकांचा नमुना करायचा होता. पिशवी त्याने लावली, पंप थांबवला आणि मला म्हणाला, "जरा काटा बघ रे, मी हात धुऊन येतो." तो गेला आणि डाव्या कोपऱ्यात मला सिसकारी ऐकू आली. आठव्या मिनिटाला काटा केसभर सरकला.

तो परत आला. "धरला दम?"

"हं," मी म्हणालो.

सकाळी पिशवी काढली तर डावा कोपरा फुगलेला. बोटाने वाजवला तर पोकळ आवाज. मिस्त्रींनी विचारलं, "दम कोणी बघितला?" मी खाली बघत राहिलो. "पिशवी माझी होती," तो म्हणाला.

टेबल मला मिळालं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनकडे चाललो होतो. त्याने माझं अभिनंदन केलं, अगदी मनापासून. मग म्हणाला, "त्या दिवशी मी हात धुऊन आलेलो ना, तेव्हा तू डाव्या कोपऱ्याकडे कान लावून बसलेलास. मी बघितलेलं. म्हणूनच तुला विचारलं."

पुढे दोन वर्षं तो माझ्या हाताखाली होता. काटा मात्र तो स्वतःच बघायचा.