अठरा इंचांचं तोंड

रिअॅक्टरच्या मॅनहोलचं तोंड अठरा इंच. आठ वर्षांपूर्वी मी त्यात कमरेपर्यंत उतरलो आणि बुचासारखा घट्ट बसलो. धड आत नाही, धड बाहेर नाही. माझ्या जोडीदाराने काखेत हात घातले, आणखी दोघांनी साबणाचं पाणी ओतलं, तेव्हा कुठे सुटलो. अख्खा प्लांट हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार? घरी जेवायला बसलो तेव्हा मात्र रडू आलं, आणि रडत रडतच चार भाकऱ्या खाल्ल्या.

मी महाडजवळच्या एका केमिकल कंपनीत फिटर. गाव पोलादपूरच्या डोंगरात, भाड्याची खोली बिरवाडीत. जोडीदार तिथल्याच बौद्धवाडीतला. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. रिअॅक्टर म्हणजे माल शिजवायची बंद टाकी, दोन पुरुष खोल. आत काम निघालं की एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने तोंडाशी बसून दोरी धरायची. वरच्याने सारखी हाक मारायची, "हाय का रे?" खालच्याने म्हणायचं, "हाय!" उत्तर आलं नाही तर दोरी ओढायची. पाळी एकदा त्याची, एकदा माझी. पण त्या साबणाच्या दिवसापासून माझीही पाळी तोच घेत आला. आठ वर्षं! मी तोंडाशी बसून हाका मारत राहिलो आणि त्याने एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही.

वजन एकशे चौतीस किलो, साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी माझं पोट कापून मुठीएवढं केलं. गावात बातमी फुटली, "त्याचं पोट काढलं." अरे, काढलं कुठे, लहान केलं! पण कोणाकोणाला समजावणार? वर्षभरात पन्नास किलो उतरलो तेव्हा भेटायला येणारे खालच्या आवाजात बायकोला विचारायचे, नक्की काय झालंय? ती एकदा भडकलीच. "टोपभर जेवत होते तेवा कोणी इचारलं नाय. आता चार घास खातात तर सगळ्या वाडीला काळजी!"

खरं सांगतो, मजेत होतो मी. केस गळले, पोटाची कातडी लोंबायला लागली, गोळ्या जन्माच्या मागे लागल्या. असू दे. पण एका सकाळी पहिल्यांदा वाकून स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली ना, तेव्हा मी ती सोडून पुन्हा बांधली होती. नुसती हौस म्हणून. दर दोन तासांनी थोडंसं खायचं, म्हणून माझ्याकडे पाच चिमुकले डबे. कॅन्टीनमध्ये पोरं म्हणायची, "काका भातुकली घेऊन आले." मी म्हणायचो, "या रे, तुमचंबी लग्न लावतो."

एकदाच चुकलो. कोणाला तरी मुलगी झाली म्हणून जिलेबी आली, आणि मी सवयीने अख्खी तोंडात टाकली. ऑपरेशननंतर गोड असं धाडकन पोटात गेलं की शरीर बंड करतं. दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली. जोडीदार घाबरला. माझी साखर उतरली असं समजून त्याने मूठभर साखर आणून माझ्या तोंडात कोंबली! मेलोच होतो मी. अर्ध्या तासाने उठून बसलो तेव्हा त्याला आधी हसलो, मग शिव्या घातल्या. पण बातमी ऑफिसात गेली आणि माझ्या नावावर शेरा पडला, "हलकं काम द्यावं."

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की जोडीदार हेल्मेट डाव्या हाताने घालतोय. उजवा खांदा वर जातच नव्हता. "कुठं बोलू नको," तो म्हणाला. "कळलं तर गेटवर बसवतील." पुढच्या आठवड्यात प्लांट बंद ठेवून दुरुस्ती होती, रिअॅक्टरच्या आत माल ढवळणाऱ्या पंख्याचे बोल्ट बदलायचे होते. आणि उतरणार कोण, तर हा. तसला खांदा घेऊन, पुन्हा माझ्या पाळीला! माझं डोकंच फिरलं. मी आत उतरायची परवानगी मागायला तडक कंपनीच्या डॉक्टरांकडे गेलो.

"तुम्हाला परवा चक्कर आली होती," ते कागद बघत म्हणाले. "आत तसं झालं तर?"

"डॉक्टरसाहेब, रिअॅक्टरमध्ये मला जिलेबी कोण देतंय?"

त्यांना हसू आवरेना. मग म्हणाले, हसण्यावारी नेऊ नका, तपासू. तीन मजले दोनदा चढायला लावले, प्रेशर घेतलं, साखर घेतली, पोटावरचे व्रण दाबून पाहिले. पुन्हा एकदा प्रेशर घेतलं. आणि सही केली.

त्या दिवशी आतला वायू तपासून झाला. मी लोंबती कातडी पट्ट्याने आवळली, वर दोरी अडकवायचा हार्नेस चढवला. जोडीदार बघत उभा. "आधी अंडं खा," म्हणाला. त्याच्यासमोर उभं राहून मी अख्खं उकडलेलं अंडं नीट चावून खाल्लं. मग पाय आत सोडले. कंबर आली तसा श्वास धरला. वेडेपणा नुसता! दोन्ही बाजूंना बोटं जातील एवढी जागा उरली होती. खांदे गेले, डोकं गेलं, शिडी पायाला लागली.

खाली दिव्याच्या उजेडात पंखा चमकत होता. सहा बोल्ट. पान्याची पकड मी विसरलो नव्हतो. वरून हाक आली, "हाय का रे?"

"हाय!"

आठ वर्षं ही हाक मी मारली होती, पण खालून ती कशी ऐकू येते ते विसरून गेलो होतो. टाकीभर घुमते, चारी बाजूंनी अंगाला लागते. एवढ्या वेळा हा माणूस माझ्या वाटचं इथे एकटा उभा राहिला. तिसरा बोल्ट आवळून झाला तेव्हा पुन्हा हाक आली, आणि ती विरेपर्यंत मी पाना धरून ऐकतच राहिलो; "हाय" म्हणायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या क्षणी दोरी ताडकन ताणली गेली आणि माझ्या टाचा उचलल्या. त्याने दोन्ही हातांनी, सगळी ताकद लावून ओढलं होतं.

"हाय रे, हाय!" मी बोंबललो. "सोड ती दोरी!"

दोरी सैल झाली. वरती आधी एक कण्हणं ऐकू आलं आणि मग शिव्या सुरू झाल्या, अस्सल बिरवाडीच्या, माझ्या सात पिढ्यांना. त्या शिव्या ऐकत मी उरलेले तीन बोल्ट आवळले, आणि प्रत्येक बोल्टाला त्याने विचारायच्या आत ओरडून सांगितलं, "हाय!"