बनुबाईच्या डाव्या हाताची राखण

वडूजच्या माळावर बनुबाईइतकी बडबडी बाई शोधून सापडली नसती. मेंढरांशी बोलायची, चुलीशी बोलायची, आणि नवऱ्याशी, म्हणजे आप्पासोंशी, भांडायची. अशी ही बाई पंचाहत्तर साली गप्प झाली, तेव्हा अख्खी वस्ती विचारपूस करायला तिच्या दारात आली.

दोन वर्षांमागं मिरजेला तिच्या डाव्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती. जखम भरली, टाके सुकले, पण दुखणं काही हटेना. उलट वाढलंच. पदर घासला तरी आग व्हायची, वारा लागला तरी कळ दंडापर्यंत जायची. "परत आलाय त्यो," एवढंच ती म्हणायची. आप्पासोंनी तिचा हात धोतराच्या पट्टीनं गळ्यात बांधून टाकला, आणि कुणी जवळ आलं की त्याच्यावर खेकसायला लागले. धडधाकट बाईची त्यांनी पार काचेची बरणी करून टाकली.

त्यात थोरली लेक रंगू पहिल्या बाळंतपणाला यायची होती. बारशाला बाळ पाळण्याच्या खालून द्यायचं, वरून घ्यायचं, तर दोन्ही हात लागतात. वस्तीतली सगळी पोरं बनुबाईनंच पाळण्यात घातलेली. आणि आता स्वतःच्या नातवंडाला हात लावायचा नाही? मरणाला ती भीत होतीच, पण हा विचार तिला त्याहून जास्त छळायचा.

शेवटी आप्पासोंनी तिला पुन्हा मिरजेची वाट धरायला लावली. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, फोटो काढले आणि हसून सांगितलं, "गाठ नाही. रोग परत आलेला नाही."

"मंग म्या काय सोंग करतीय व्हय?" बनुबाई कडाडली. कितीतरी दिवसांनी तिचा असा आवाज निघाला होता.

"सोंग कसलं? खरंच दुखतंय तुम्हांला. ऑपरेशनात नसा दुखावल्या, तेव्हापासून त्या बिथरल्यात. जरा काही लागलं की बोंब ठोकतात." बाईंनी क्षणभर विचार केला. "तुमच्या मेंढरांवर कुत्रं असेल ना? लांडगा एकदा येऊन गेला, की ते नंतर कसं वागतं?"

"पाचोळा हलला तरी भुकतंय," आप्पासो म्हणाले.

"मग काय करता? बांधून घालता?"

"छ्या! बांधलं तर लयच बिथरतंय. संगं घिऊन हिंडायचं, हळूहळू समदं हुंगू द्यायचं, मंग आपसूक..." बोलता बोलता त्यांची नजर बायकोच्या गळ्यातल्या पट्टीवर गेली. बिचारे जागच्या जागी ओशाळले. बनुबाई अशी काही खदखदून हसली, की बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली.

बाईंनी गोळ्या दिल्या, आणि व्रणाभोवती मऊ फडकं रोज थोडं थोडं फिरवायला सांगितलं, म्हणजे नसांना सवय होईल. धनगराच्या घरात फडकं कशाला हवं? कोकराची पहिली लोकर, जावळ, ती काय कमी मऊ? रोज सकाळी आप्पासो जावळाचा पुंजका घेऊन बायकोसमोर बसायचे. पहिल्या दिवशी तिनं अशा शिव्या हासडल्या, की दारातलं कुत्रं उठून मेंढरांकडं निघून गेलं. महिन्यानं मोठ्या मेंढीची जरा खरखरीत लोकर आली, मग घोंगड्याचा काठ. हात आधी खांद्यापर्यंत उचलला, मग डोक्यापर्यंत. दुखणं सगळं गेलं असं नाही, पण बनुबाई पुन्हा चुलीशी बोलायला लागली.

श्रावणात रंगूला मुलगी झाली. बारशाला बनुबाईनं बाळ पाळण्याखालून दिलं, वरून घेतलं, आणि मुद्दाम डाव्या खांद्याशी धरलं. पोरीनं नेमकी व्रणावरच लाथ झाडली. कळ दंडापर्यंत गेली. आप्पासो बाळ घ्यायला धावले.

बनुबाई जागची हलली नाही. उजव्या हातानं तिनं स्वतःच्या छातीवर हळूच थोपटलं.

"भुक बाबा, भुक. पर वळख ठिव. आपल्याच घरची हाय ती."