पाहुण्याचं पाणी

मोबाइलवर निरोप आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी पितळी तोटीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. निरोप पाण्याच्या ऑफिसचा होता, रायपूरकडच्या सगळ्या सरकारी निरोपांसारखा हिंदीत. तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, नमुना तपासला, पाणी पिण्यालायक आहे. मी तो दोनदा वाचला आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात तोटी देऊन टाकली. सायकलच्या कॅरियरवर पाइप बांधून विकायचो, त्या दिवसांतही माझ्या हातून असं झालं नव्हतं.

त्या दिवशी बाई पद्मनाभपूरच्या एका दवाखान्यात कावीळ होऊन पडली होती. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. वैशाली नगरच्या मागच्या गल्लीत, माझ्या घरापासून चौथ्या दारात ती एकटी राहते. तिच्या आधी गल्लीतल्या आणखी दोन घरांत कावीळ येऊन गेली होती. कारण शोधायला मला डॉक्टर नको होता. मी पाइप विकतो. गल्लीची पाइपलाइन नालीतून जाते, तिचा एक जोड सडला आहे आणि त्यावर कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आहे. नळाचं पाणी गेलं की रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो, आणि ओढतो ते नालीतलं. ती लाइन उचलून दुसरीकडून टाका, एवढीच माझी मागणी होती. नमुना खराब निघाल्याशिवाय लाइनला हात लावता येत नाही, असं पाण्याच्या ऑफिसात मला तीनदा ऐकवलं होतं.

माझ्या घरी राहायला ये, आमच्याकडे फिल्टर आहे, असं मी बाईला म्हणालो होतो.

"तुह्या फिल्टरच्या पाण्यात डाळ शिजत नाही," ती म्हणाली. "अन भावाच्या घरी राहाले मी काही लंगडी नाही झाली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला सोडणार होते. म्हणजे ती त्याच नळावर परत येणार होती.

मी ऑफिसात गेलो तो भांडायलाच. तिथला इंजिनियर मला ओळखतो. शांतपणे म्हणाला, "सेठ, आप हर चीज़ में मोलभाव करते हैं. अब रिपोर्ट में भी करेंगे?"

मी टेबलावर हात आपटला. कुठून आणला नमुना, दाखवा, असं ओरडलो. त्याने फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. नमुना कुठून घेतला त्या रकान्यात माझ्याच घराचा नंबर होता. खाली सही होती. सही माझी होती.

मी खुर्चीवर बसलो. तोवर मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

मग आठवलं. आठवड्यापूर्वी दुपारी मी घरी जेवत होतो आणि कानाला फोन लावून रायपूरच्या एका व्यापाऱ्याशी मालावरून झुंजत होतो. दारात एक मध्यम वयाचा माणूस आला होता, खांद्याला थर्मासचा डबा, शर्ट घामाने चिकटलेला. बायको आत गेली, बाहेर आली. त्याने माझ्यापुढे रजिस्टर धरलं आणि मी बोलता बोलता सही केली. न वाचता कागदाला हात लावत नाही, हे मी गावभर सांगत असतो.

घरी जाऊन बायकोला विचारलं, "त्या डब्यावाल्याले तू कोणतं पाणी देल्लं?"

"फिल्टरचं. अजून कोणतं?"

"अवो, ते तपासाले पाहिजे होतं. नळाचं."

"मंग तसं सांगाचं असते. मले म्हणे, भाभीजी, पानी दे दीजिए. एक गिलास पेला, मंग बाटली पुढे केली. मले वाटलं, रस्त्यासाठी नेऊन राहिला. उन्हातून आलेल्या माणसाले नालीचं पाणी देऊ का मी? अन तुमी कावून सही केली?"

आमच्या गल्लीचं पाणी शुद्ध असल्याचा सरकारी कागद माझ्या स्वयंपाकघरात तयार झाला होता आणि खाली माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी परत ऑफिसात गेलो. चूक आमच्याही घरची आहे, हे तोंडातून काढायला मला जड गेलं. तो डब्यावाला तिथेच बाकावर बसला होता. इंजिनियरने त्याच्याकडे पाहिलं तशी त्याने मान खाली घातली.

"नळाचंच घ्यायचं होतं, माहीत आहे," तो म्हणाला. "पण साहेब, दुपारी नळाला पाणी नसतं. मग लोक आतून आणून देतात. सगळीकडे असंच आहे. घाणेरडं पाणी हातात द्यायला कोणी तयार होत नाही."

सगळीकडे. मी टेबलावरची ती फाइल पाहिली. इंजिनियरही तिच्याकडेच पाहत होता. त्यात किती गल्ल्या होत्या कोण जाणे, आणि किती घरांतल्या बायकांनी पाहुण्याला द्यायचं म्हणून चांगलं पाणी काढून दिलं होतं.

नवा अर्ज द्या, नंबर लागेल, असं इंजिनियर पुटपुटला. तिथे मात्र मी सौद्याला बसलो. अर्ज देणार नाही. उद्या सकाळी पाणी सुटताना, बाईच्या नळावरून, माझ्यासमोर. तो कबूल होईपर्यंत मी उठलो नाही.

सकाळी डब्यावाला आला तेव्हा बाई आदल्या संध्याकाळीच घरी आली होती. भिंतीला टेकून बसली होती, डोळे अजून पिवळे. त्याने आधी नळ थोडा वेळ वाहू दिला, मग तो बंद करून स्पिरिटचा बोळा पेटवला आणि तोटीचं तोंड जाळलं.

"नळाले अग्नी कावून देऊन राहिला गा हा?" बाईने विचारलं.

"वरची घाण मराले," मी म्हणालो. "आतली तेवढी दिसली पाहिजे."

त्याने परत नळ सोडला. पाणी पिवळट आलं. वास मला उंबऱ्यापर्यंत आला. तो बाटली नळाखाली धरणार तेवढ्यात बाई भिंत धरून उठली. बायकोने तिच्यासाठी फिल्टरचं पाणी भरून ठेवलं होतं, त्यातून तांब्या बुडवला आणि तो घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"ते नको घेऊ बापा. हे घे, हे साफ हाय."

डब्यावाला माझ्याकडे पाहायला लागला. मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. दारात आलेल्या माणसासमोरचं पाणी मी जन्मात पहिल्यांदा उचललं.

त्याने नळाची बाटली भरली, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली. मग मी तोच तांब्या त्याला दिला. तो उभ्यानेच घटाघटा प्यायला.

रजिस्टर पुढे आलं. मी प्रत्येक ओळ वाचली, मग सही केली.

"काय लिवलं त्याच्यात?" बाईने विचारलं.

"तुह्या घरचं पाणी नेलं म्हणून लिवलं."

"अन ते घाण निघालं तं तेही लिवतीन?"

"लिवलंच पाहिजे, बाई. तवाच लाइन बदलते."

"माह्या नावावर?"

मी हो म्हणालो. तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि तो माणूस गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत काढला नाही.