महसीरची सोयरीक

टाकीतल्या महसीर माशाच्या मादीचं पोट हाताला मऊ लागलं. म्हणजे अंडी तयार होती. संध्याकाळच्या आत ती काढली नाहीत तर वाया जाणार होती. आणि लॅबचा रिपोर्ट आलेला नव्हता.

आर्वीजवळच्या मत्स्यबीज केंद्रात मी माशांच्या डीएनएचं काम बघते. वर्धा नदीतला महसीर फार कमी झालाय. तो वाढवायचा म्हणजे नदीतलेच नर-मादी आणून पिल्लं तयार करायची आणि परत नदीत सोडायची. पण जिथे मासेच थोडे, तिथे पकडलेले नर-मादी सख्खे भाऊबहीण निघू शकतात. त्यांची पिल्लं नाजूक निपजतात. म्हणून प्रत्येक माशाच्या पराचं नखाएवढं कात्रण लॅबला पाठवतो. त्यावरून नातं कळतं.

माझे वरिष्ठ काळे साहेब टाकीपाशी येरझारा घालत होते.

"मॅडम, चार नर आहेत. कोणताही घ्या. ही मादी गेली तर दुसरी कुठून आणणार?"

"साहेब, दुपारपर्यंत थांबू."

"आणि रिपोर्ट नाही आला तर?"

मी परत लॅबचा नंबर लावला.

ही मादी ज्यांनी डोहातून जिवंत आणली, ते मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष नामदेवराव तिथेच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, इतकी घाई काऊन करून राह्यले? बहीण-भावाचं लगन लावता का?"

साहेबांना हसू आलं. "बरं, थांबू," ते म्हणाले.

जेवायच्या सुट्टीत लॅबचा फोन आला. दोन नर तिचे सख्खे भाऊ होते. उरलेल्या दोघांशी जवळचं नातं नव्हतं. मी जेवण टाकून टाकीकडे पळाले.

लगेच अंडी काढली, त्या दोन नरांचं वीर्य त्यावर सोडलं. त्या पावसाळ्यात आणखी माद्या मिळाल्या. प्रत्येकीची जोडी रिपोर्ट बघूनच लावली, आणि पिल्लं नदीत सोडली.

पुढच्या वर्षी नामदेवरावांच्या जाळ्यात बोटभर महसीर आले. कात्रणं तपासली. बरेचसे आमचेच निघाले, आणि वेगवेगळ्या आईबापांचे. मी फोन केला तर नामदेवराव एवढंच बोलले, "जगले म्हणा. चांगलं झालं."

त्या पहिल्या रिपोर्टला उशीर का झाला होता? नमुने पाठवायच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. आता मासा टाकीत आला की त्याच दिवशी कात्रण लॅबला जातं. सही मागाहून होते.