विहीणबाईंना दिलेला कूलर

मी शाळेत भूगोल शिकवते, आणि माझ्या लेकीच्या सासरी ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही.

गौरीचं लग्न होऊन ती रत्नागिरीला गेली. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "काय हो विहीणबाई, उकडून नुसता जीव जातो इथे."

"आमच्या सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर असतो," मी अभिमानानं सांगितलं (जणू ऊन आम्हीच पिकवतो). "पण कूलर लावला की पहाटे गोधडी लागते."

झालं. आमच्या ह्यांनी बाजारातला सगळ्यात मोठा पत्र्याचा कूलर आणून गाडीच्या टपावर बांधला. "लेकीच्या सासरी पहिल्यांदा चाललोय, रिकाम्या हातानं जायचं व्हय?" घाट उतरताना तो असा खडखडत होता, की पुढच्या गाड्या आपणहून बाजूला होत होत्या.

रत्नागिरीत कूलर बघायला शेजारीपाजारीही जमले. ह्यांनी टाकी भरली, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, बटण दाबलं. झोत आला. "वा, गार आहे हो," व्याही म्हणाले, आणि गारवा पळू नये म्हणून त्यांनी दारंखिडक्या लावून घेतल्या.

थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला.

"सुरुवातीला असं होतं," मी म्हणाले (असं कधीच होत नाही).

"पाणी कमी पडतंय की," म्हणत ह्यांनी आणखी एक बादली ओतली. ताटलीतल्या चकल्या मऊ पडल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरनं मान टाकली. शेजारी "भात लावून आलोय" असं पुटपुटत एकेक करून सटकले.

तेवढ्यात विहीणबाई खाटेखाली वाकल्या. "अगंबाई, माझी आंबापोळी." उन्हात वाळवलेली ताटं त्यांनी तिथंच सरकवली होती. पोळी कसली, तिचा परत रस व्हायला लागला होता. गौरीनं माझ्याकडे बघितलं. पाठवणीलाही पोरीचा चेहरा इतका रडवेला नव्हता.

आता बोलणं भागच होतं. "त्याचं असं आहे, सोलापूर उष्ण आणि निमशुष्क पट्ट्यात येतं. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते, ती उष्णता ओढून घेते, म्हणून गार वाटतं. कोकण उष्ण आणि दमट. इथल्या हवेत आधीच इतकं बाष्प, की..."

"की पाणी वाळतच नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या दोरीवरचे कपडे रोज सांगतात."

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं?" व्याह्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

माहीत होतं हो. पण फळ्यावर जगाचा नकाशा काढला, की सोलापूर आणि रत्नागिरी खडूच्या एकाच ठिपक्याखाली जातात. मधला सह्याद्री मला कूलर चालू झाल्यावर आठवला.

विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. "चला, पुऱ्या तळते. रस तयारच आहे." मग गौरीही हसली, आणि आम्ही सगळे ती आंबापोळी पुऱ्यांशी ओरपून जेवलो.

परतीच्या वाटेवर कूलर पुन्हा टपावर होता. घाट चढताना ह्यांनी विचारलं, "तू भूगोल कितवीपर्यंत शिकवतीस?"

"दहावीपर्यंत."

"मग हवामानाचा धडा अकरावीला आसंल."

मी "व्हय" म्हणाले. हा धडा सातवीला आहे.